सहलीचा दिवस, मोबाईलची शिल्लक

शाळांना सुट्ट्या लागल्या की आपल्या वस्त्यांमधून सहलीचे बेत सुरू होतात. पूर्वी हे बेत चिखलदरा, फार तर अजिंठा-वेरूळपर्यंत जात. आता मुले मोबाईलवर उलटेसुलटे फिरणारे पाळणे आणि पाण्याच्या घसरगुंड्या पाहतात आणि "बाबा, इमॅजिकाले नेता का नाई?" असे जेवताना विचारतात. इमॅजिका म्हणजे रायगड जिल्ह्यात खोपोलीजवळ एप्रिल २०१३ मध्ये सुरू झालेले थीम पार्क. अमरावती-अकोल्याच्या माणसाला तेथे जायचे तर एक रात्र रेल्वेत, एक दिवस पार्कात आणि परत एक रात्र रेल्वेत. तिकिटे, गाडीभाडे, खाणेपिणे धरून घरटी खर्च हजारांत जातो. मजुरी आणि छोट्या नोकरीवर जगणाऱ्या कुटुंबाला हे दरवर्षी जमत नाही. भिशीत पैसे टाकून एकदा जाणे होते.

असा एक दिवस बिघडायला मोठे कारण लागत नाही. आमच्याकडे ते कारण मोबाईलची बॅटरी ठरले.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही अमरावतीचे सात जण आणि अकोल्याची थोरली बहीण, तिचे यजमान व दोन मुले असे एकूण अकरा जण निघालो. सोबत पाच मोठे फोन होते आणि आईजवळ बटणांचा एक जुना फोन. निघण्याच्या दिवशी घरात शिदोरी, कपडे, औषधे यांची धांदल. बोर्डावर प्लग एक आणि चार्जर तीन. ज्याचा हात आधी पोचला त्याचा फोन लागला. बाकीच्यांनी म्हटले, "गाडीत लावू." अमरावतीहून संध्याकाळी मुंबईची गाडी सुटली. अकोल्याला बहिणीची मंडळी चढली, जेवणे झाली, मुले एकाच फोनवर डोके घालून सिनेमा पाहू लागली. अकराच्या पुढे मी माझा फोन प्लगला लावून निश्चिंत झोपलो. पहाटे कल्याणला उतरताना पाहतो तर आकडा वाढण्याऐवजी कमीच झालेला!

ही चूक आमचीच. डिसेंबर २०१३ मध्ये बंगळूरहून नांदेडला येणाऱ्या एक्सप्रेसच्या डब्याला आग लागून माणसे दगावली. त्यानंतर रेल्वे सुरक्षा आयुक्तांनी शिफारस केली की डब्यातील चार्जिंगचे प्लग रात्री ११ ते पहाटे ५ बंद ठेवावेत. २०२१ पासून रेल्वेने यावर कडक अंमल सुरू केला. माणसे झोपेत असताना तापलेला चार्जर कोणाच्या लक्षात येत नाही, म्हणून ही काळजी. नियम योग्यच आहे. फक्त रात्रीच्या गाडीने जाणाऱ्याने तो निघण्याआधी माहीत करून घ्यावा. आम्ही घेतला नव्हता.

शिवाय रात्रभर फोन नुसता खिशात असला तरी खर्च करीत असतो. गाडी धावते तसा तो एका टॉवरचा हात सोडून दुसऱ्याचा धरतो. मध्ये रान आले, इगतपुरीचा घाट आणि बोगदे आले की रेंज जाते. टॉवर दूर असला की तेथवर आवाज पोचवायला फोनला जास्त जोर लावावा लागतो. पंगतीत शेवटच्या पानाला ऐकू जावे म्हणून वाढप्याने ओरडावे, तसेच हे. झोपताना फोन विमानाच्या चिन्हावर, म्हणजे एअरप्लेन मोडवर टाकला असता तर हा सगळा खर्च वाचला असता. गजर त्यातही वाजतो, हे मला माझ्या भाच्याने नंतर सांगितले.

कल्याणहून खोपोली लोकल, तेथून ठरवलेली गाडी, असे करून पार्क उघडण्याच्या वेळेला आम्ही दारात हजर. मुलांचा आनंद काय सांगावा! राजासॉरस नावाच्या डायनासोरच्या स्वारीत होडी धाडकन पाण्यात पडते, तेव्हा माझी बहीण पन्नाशीच्या उंबरठ्यावर असूनही शाळेतल्या मुलीसारखी किंचाळली. प्रत्येक खेळाचा व्हिडिओ निघाला. प्रत्येक व्हिडिओ त्याच घटकेला अमरावतीला पाठवला गेला. भर उन्हात पडदा दिसेना म्हणून उजेड शेवटच्या टोकापर्यंत वाढवला.

दुपारी साडेतीनला मुलाचा फोन गेला. चारला माझा गेला. त्यात परतीची तिकिटे होती, गाडीवाल्याचा नंबर होता आणि पैसेही त्यातच. बाकीच्यांचे फोन कोणाचा सहा टक्के, कोणाचा बंद. आणि नेमके त्याच वेळी लक्षात आले की आई जेथे बसली होती तेथे नाही.

आई सत्तरीच्या पुढची. तिला पाळण्यात बसायचे नव्हते, म्हणून नातीला तिच्याजवळ ठेवून आम्ही वर गेलो होतो. परत आलो तर बाक रिकामा. पहिला विचार आला, तिला फोन लावू. तिच्या फोनची बॅटरी तर चार-चार दिवस चालते. पण तिचा नंबर कोणाला येतो? माझ्या फोनमध्ये 'आई', बहिणीच्या फोनमध्ये 'माय', मुलाच्या फोनमध्ये 'आजी'. तिघांपैकी एकालाही ते दहा आकडे पाठ नव्हते. सहा टक्केवाला फोन पाहुण्यांचा, म्हणजे बहिणीच्या यजमानांचा. त्यांच्याकडे तिचा नंबरच नव्हता. उलट आईला माझा नंबर तोंडपाठ आहे. ती तो लावत होती आणि फोन बंद असल्याचे ऐकत होती. मी कार्यालयात लेखा शाखेत काम करतो. दिवसभरात शेकडो आकडे लिहितो. त्या दिवशी मला माझ्याच आईचे दहा आकडे आले नाहीत, याची शरम आजही वाटते.

सव्वा तास आम्ही चारी दिशांना फिरलो. शेवटी ती सापडली प्रवेशद्वाराजवळ, नातीला मांडीवर घेऊन, शेंगदाणे सोलत. बहीण रडायलाच लागली. आई शांत. म्हणाली, "ऊन आलं म्हून उठली म्या. तुमी दिसले नाई, तुहा फोन लागे ना. दीक्षाभूमीले जात होतो तवा तुह्या बाबानं सांगून ठेवलं होतं, गर्दीत चुकलं का ज्या दारातून आत आलो थ्याच दारी येऊन बसाचं. इकडं-तिकडं हिंडाचं नाई." मग तिने पदराची गाठ सोडली. त्यात पाचशेची नोट होती. बंद पडलेल्या फोनमधल्या हजारो रुपयांच्या मोलाची ती नोट! तिच्यावर सर्वांचा चहा झाला. एका दुकानदाराने दयाळूपणे माझा फोन वीस मिनिटे प्लगला लावू दिला, तेव्हा गाडीवाला सापडला. कल्याणला गाडी मिळाली ती धावतपळतच.

वाचक बंधू-भगिनींनो, घरी आल्यावर मी या प्रकाराचा जमाखर्च मांडला. सवयीचा भाग, दुसरे काय. आजचे बहुतेक फोन ५००० एमएएचच्या आसपास बॅटरीचे असतात. घरी साध्या वापरात ती दिवसभर पुरते. सहलीत मात्र कॅमेरा, उन्हातला झगझगीत पडदा, गर्दीत ओढाताण होणारे नेटवर्क आणि पाठवापाठवी हे चार खर्च एकदम अंगावर येतात. एका टॉवरवर हजारो माणसे असली की व्हिडिओ चटकन जात नाही, फोन पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो आणि प्रत्येक प्रयत्नाला बॅटरी मोजावी लागते. म्हणून फोटो दिवसा काढावेत, पाठवावेत घरी गेल्यावर. एअरप्लेन मोडवरही कॅमेरा चालतो. दोन सिम असतील तर एक बंद ठेवावे. अमरावतीच्या मावशीला व्हिडिओ दुसऱ्या दिवशी मिळाला तर तिचे काही बिघडत नाही.

आता पॉवर बँकेचा विषय, कारण येथे आपली माणसे सर्वांत जास्त फसतात. खोक्यावर १०००० लिहिलेले असते. माणूस सरळ भागाकार करतो : पाच हजाराचे दोन फोन पूर्ण भरतील. तसे होत नाही. तो दहा हजाराचा आकडा आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टचा आहे. बाहेर येताना वीज ५ व्होल्ट करावी लागते, त्यात काही भाग उष्णतेत जातो. हाती येतात साधारण सहा ते साडेसहा हजार. चांगल्या कंपनीच्या खोक्यावर हा खरा आकडा 'रेटेड कपॅसिटी' म्हणून बारीक अक्षरात छापलेला असतो. पगारपत्रकातला एकूण पगार आणि हातात पडणारा पगार यांत जो फरक, तोच येथे. म्हणजे एका पॉवर बँकेत एक फोन पूर्ण आणि वर थोडे. पण सहलीत कोणालाच पूर्ण नको असते. दुपारी अर्धी भर मिळाली तरी दिवस निघतो. या हिशेबाने एक पॉवर बँक दोन-तीन फोनांना पुरते, आणि दोन कुटुंबांत मिळून दोन घेतल्या तर काळजी नाही.

फलाटावर किंवा हातगाडीवर 'वीस हजार' म्हणून दीड-दोनशे रुपयांना मिळते ती वस्तू मात्र घेऊ नये. पॉवर बँकेला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे; वस्तूवर 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहून घ्यावा. आत लिथियमच्या बॅटऱ्या असतात. सोनी कंपनीने १९९१ मध्ये त्या प्रथम बाजारात आणल्या आणि हे काम ज्या शास्त्रज्ञांनी उभे केले त्यांपैकी तिघांना २०१९ चा रसायनशास्त्राचा नोबेल मिळाला. बॅटरी मोठ्या गुणाची आहे, पण तापली आणि आतली बांधणी कच्ची असली तर पेट घेते. हे मुलांच्या बॅगेत ठेवायचे आहे, एवढे ध्यानात असावे.

उन्हाचे तर आम्हा वऱ्हाडातल्या माणसांना सांगायला नको. उन्हात ठेवलेला फोन चार्जिंगला लावला तर तो तापतो आणि स्वतःहून चार्जिंग मंद करतो किंवा थांबवतो. बसच्या काचेपुढे, दगडावर, काळ्या बॅगेच्या वरच्या कप्प्यात ठेवू नये. सावलीत, रुमालात असावा. आमच्या भाच्याने फोन थंड करायला बर्फाच्या पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला होता. आत दव धरले तर काय होईल, हे त्याला कोण सांगणार! पाण्याच्या खेळानंतर चार्जिंगची जागा ओली असेल तर पूर्ण सुकेपर्यंत वायर लावूच नये. फोनही जातो आणि वायर तापण्याची भीती वेगळी.

जेवणाच्या वेळी अर्धा तास चार्जिंग मिळाले तर ज्याची बॅटरी सर्वांत खाली गेली आहे त्याचा फोन आधी लावावा. रिकामी एसटी आली की पहिली तीस माणसे पटापट बसतात, शेवटच्या दहांना जागा शोधत फिरावे लागते. बॅटरीचेही तसेच, खालची अर्धी लवकर भरते, वरची रेंगाळते. ऐंशी टक्केवाला फोन शंभर करण्यात तो अर्धा तास घालवणे म्हणजे उधळपट्टी.

६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर महानगरपालिका येणाऱ्यांसाठी मोबाईल चार्जिंगची सोय करते, तेथे जाणाऱ्यांना ती ठाऊक आहे. तीच सवय धरून दुसरीकडे जाऊ नये. थीम पार्कात प्लग मिळाला तर मिळाला. आणि कोठेही चार्जिंग करताना आपला चार्जर आणि आपलीच वायर भिंतीच्या प्लगला लावावी. कोणी ठेवलेल्या उघड्या यूएसबी भोकातून फोनमधली माहिती चोरली जाऊ शकते, असा इशारा रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये काढलेल्या 'बी अवेअर' या पुस्तिकेत दिला आहे. फोन अनोळखी माणसाजवळ सोडून खेळायला जाणे तर दूरच.

यंदा जानेवारीत आमच्या वस्तीतल्या चार घरांनी जाण्याचे ठरवले आणि मला हिशेबाला बोलावले. या वेळी आदल्या रात्री आठपासून फोनांच्या पाळ्या लावल्या. एक फोन फोटोचा, एक तिकिटे आणि पैशांचा, आणि एक पूर्ण भरून चक्क बंद करून ठेवला, राखीव निधी म्हणून. संध्याकाळी पाचपर्यंत त्याला हात लावायचा नाही, असे ठरले. तिकिटे कागदावर छापून दोघांजवळ दिली. प्रत्येक घराने दोन हजार रुपये रोख घेतले, तेही एकाच पाकिटात नाही. वहीच्या पानावर सर्वांचे नंबर आणि गाडीवाल्याचा नंबर लिहून त्याच्या चिठ्ठ्या केल्या आणि आठ वर्षांखालच्या मुलांच्या खिशात पिनेने टाचल्या. एका पोराने विचारले, "हे कायले?" त्याच्या आजीने त्याला आमच्या आईची गोष्ट सांगितली. चुकलेल्याने कोठे बसायचे, हे दारातून आत शिरतानाच सर्वांना बोटाने दाखवले. त्याशिवाय ११२ हा मदतीचा नंबर मुलांकडून पाठ करून घेतला.

आईही पुन्हा आली होती. खोपोली स्टेशनवर रात्री लोकलची वाट पाहताना मी फोनांची शिल्लक विचारली. फोटोचा फोन १४ टक्के, तिकिटांचा ५२, बाकीचे तीस-चाळीसच्या घरात, राखीव ९९. आईच्या बटणांच्या फोनवर तीन काड्या होत्या. परवा अमरावतीला पोचलो तेव्हाही तीनच होत्या.