नदीकाठचा धीवर

हिवाळ्यातील एखाद्या सकाळी प्रवरा नदीच्या काठाने चालत गेलात, तर पाण्यावर झुकलेल्या बाभळीच्या फांदीवर एक इवलासा पक्षी निश्चल बसलेला दिसेल. पाठ निळीजर्द, पोट तांबूस, शेपूट आखूड आणि चोच मात्र देहाच्या मानाने फारच लांब! क्षणभर तो मान खाली घालून पाण्याकडे टक लावतो आणि बाणासारखा खाली झेपावतो. ‘डुबुक्’ असा आवाज होतो न होतो, तोच तो चोचीत मासोळी घेऊन पुन्हा फांदीवर येऊन बसतो. हाच खंड्या होय. त्याला धीवर असेही म्हणतात. धीवर म्हणजे मासे धरणारा कोळी. हे नाव त्याला किती शोभून दिसते!

अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजेच पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, खंड्याचे तीन प्रकार सहज आढळतात. वर सांगितलेला लहान खंड्या चिमणीहून थोडासाच मोठा असतो. दुसरा कवड्या खंड्या. त्याच्या अंगावर काळ्यापांढऱ्या रंगांची नक्षी असते. गोदावरीवरील जायकवाडी धरणाचे पाणी शेवगाव आणि नेवासे तालुक्यांत दूरवर पसरले आहे. तेथे हा पक्षी पाण्यावर अधांतरी, एकाच जागी पंख फडफडवीत थांबलेला दिसतो आणि मासा दिसताच सूर मारतो. तिसरा पांढऱ्या गळ्याचा खंड्या. त्याचे डोके तपकिरी, पाठ निळी व चोच लालभडक असते. मौज अशी, की याला पाण्याची फारशी गरज नसते. शेतातील विहिरीच्या काठावर किंवा तारेवर बसून तो नाकतोडे, सरडे, बेडूक, खेकडे टिपतो. शेतातील किडींचा फडशा पाडणारा हा शेतकऱ्याचा मित्रच होय.

खंड्याच्या निळ्या रंगाचे एक नवल आहे. त्याच्या पिसात निळा रंग मुळी नसतोच! ते पीस कुटले, तर निळी पूड मिळणार नाही. पिसाची सूक्ष्म घडणच अशी असते, की तीवर पडलेल्या प्रकाशातील निळे किरण तेवढे आपल्या डोळ्यांकडे परततात.

त्याच्या शिकारीतही मोठे कौशल्य आहे. पाण्यात अर्धवट बुडवलेली काठी आपल्याला वाकडी दिसते, हे तुम्ही पाहिले असेल. त्याचप्रमाणे पाण्यातील मासा जेथे दिसतो, तेथे तो नसतो. किंचित खाली असतो. कोणी न शिकविता खंड्या हा फरक जमेस धरतो. पाण्यात शिरताना त्याच्या डोळ्यांवर एक पातळ पडदा ओढला जातो. धरलेला मासा तो फांदीवर आपटून निपचित करतो आणि डोक्याकडून गिळतो. कारण शेपटीकडून गिळल्यास मासोळीचे पर व खवले घशात अडकतील. न पचलेली हाडे व खवले यांची लहानशी गोळी करून तो ती तोंडावाटे बाहेर टाकतो.

परंतु खंड्याचे खरे कसब त्याच्या घरात आहे. तो झाडावर काड्यांचे घरटे बांधीत नाही. नदीच्या, ओढ्याच्या किंवा कच्च्या विहिरीच्या उभ्या मातीत नर आणि मादी दोघेही चोचीने बीळ कोरतात व पायांनी माती मागे लोटतात. हे बीळ हातभर ते दोन हात लांब असते. त्याच्या शेवटी एक छोटी खोली असते व तीत मादी पांढरीशुभ्र अंडी घालते. अंधारात असल्यामुळे त्या अंड्यांना लपण्यासाठी ठिपक्यांची गरज नसते. अंडी उबविणे व पिलांना भरविणे ही कामेही दोघे मिळून करतात.

म्हणूनच नदीची दरड हे खंड्याचे सर्वस्व आहे. वाळूसाठी नदीचे पात्र खोल उपसले, म्हणजे काठ ढासळतो. विटांसाठी काठची माती खणून नेली, किंवा काठ दगडांनी बांधून काढला, तर बीळ कोठे करावे? पाण्यात मासे भरपूर असले, तरी घरावाचून वंश कसा वाढणार?

घर सुरक्षित नसले म्हणजे काय होते, याचे उदाहरण दूर देशातील आहे. प्रशांत महासागरात ग्वाम नावाचे उष्ण कटिबंधातील बेट आहे. तेथे दालचिनीच्या रंगाचा एक खंड्या राही. तेथील लोक त्याला सिहेक म्हणतात. तो कुजक्या झाडांच्या खोडात घर कोरी. दुसऱ्या महायुद्धानंतर जहाजांतील सामानाबरोबर झाडांवर चढणारा एक परका साप त्या बेटावर पोहोचला. बेटावरील पक्ष्यांना अशा शत्रूची ओळख नव्हती. सापाने अंडी, पिले, पक्षी सारेच गिळले आणि 1988 पर्यंत त्या रानातील सिहेक नाहीसा झाला. सुदैवाने त्याआधीच सुमारे तीस पक्षी पकडून अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयांत नेले होते. त्यांचा वंश जपून वाढविण्यात आला व 2024 मध्ये त्यांपैकी नऊ पक्षी पाल्मिरा नावाच्या, सापांचे भय नसलेल्या बेटावर सोडण्यात आले. एका पाखराला पुन्हा मोकळे आकाश मिळण्यास तीस वर्षांहून अधिक काळ लागला!

आपला खंड्या आज विपुल आहे. त्याला जपण्यासाठी आपल्याला फार काही करावयाचे नाही. दरडीतील बीळ दिसले, तर त्यात काठी घालू नये. दुरूनच पाहावे आणि काठ आहे तसा राहू द्यावा. मग पुढच्या वर्षीही प्रवरेकाठच्या त्या फांदीवरून एक निळी रेघ पाण्यात शिरताना आपल्याला दिसेल.