लंडन-पॅरिस ३४७ किलोमीटर, मग विमानाला ८० मिनिटं का?

मावसबहिणीने हीथ्रो ते पॅरिसच्या चार्ल्स द गॉल विमानतळाचं तिकीट पाठवलं. सुटणार १०:००, पोहोचणार १२:२०. तिने विचारलं, "एवढ्याशा अंतराला दोन तास वीस मिनिटं?"

आधी एक तास वजा करा. पॅरिसचं घड्याळ लंडनच्या एक तास पुढे असतं आणि तिकिटावर दोन्हीकडची स्थानिक वेळ छापतात. उरली ८० मिनिटं.

दोन्ही विमानतळांमधलं सरळ हवाई अंतर सुमारे ३४७ किलोमीटर. ताशी ८०० च्या वेगाने ते २६ मिनिटांत संपायला हवं. पण इतक्या छोट्या प्रवासात बराचसा वेळ वर चढण्यात आणि खाली उतरण्यातच जातो. वाटही सरळ रेषेत नसते. म्हणून विमान हवेत साधारण पाऊण तास असतं.

बाकीचा वेळ जमिनीवरचा. गेट सोडल्यापासून दुसरीकडच्या गेटला लागेपर्यंतचा सगळा वेळ तिकिटात धरतात. हीथ्रोला धावपट्ट्या दोनच, त्यामुळे उड्डाणासाठी रांग लागते.

पुढचं विमान पकडायचं असेल, तर हिशेब तिकिटावरच्या वेळेनेच करा.

तुमच्या तिकिटावरच्या वेळेचं कोडं सुटत नसेल, तर कमेंटमध्ये जरूर विचारा.