बोरगावच्या कारखान्यांकडे मुलांसाठी पुस्तकं मागायची, तर कशी?

सौंसर तालुक्यातल्या बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रात रेमंडची कापड गिरणी १९९१ पासून आहे, शिवाय इतरही लहान-मोठे कारखाने आहेत. कारखाना आला की गावाची पहिली मागणी नोकरीची असते, दुसरी रस्त्याची किंवा पाण्याच्या टाकीची. मुलांच्या वाचनासाठीही कंपनीकडे जाता येतं, हे पटकन कोणाच्या डोक्यात येत नाही.

कायद्यात त्याची सोय आहे. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. आधीच्या आर्थिक वर्षात कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, यांपैकी एक जरी आकडा गाठला, तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. यालाच सीएसआर म्हणतात. कामांच्या यादीत शिक्षण आहे, सार्वजनिक वाचनालयही आहे. लहान कारखाना या आकड्यांत बसत नसेल तर त्याच्यावर बंधन नाही, तिथे उगाच चकरा मारू नयेत.

कंपनीने आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं, असंही कलम सांगतं. पण इथे लोकांची गफलत होते. प्राधान्य म्हणजे हक्क नव्हे. ते बंधनकारक नाही, असा खुलासा केंद्राच्या कंपनी मंत्रालयानेच केला आहे. पैसा कुठे द्यायचा ते संचालक मंडळ ठरवतं आणि ते बहुतेक वेळा कारखान्यात नाही, दूरच्या मुख्य कार्यालयात बसतं. म्हणून गेटवर तोंडी सांगून भागत नाही. किती मुलं, कोणत्या वर्गाची, कोणती पुस्तकं, सांभाळणार कोण, हे लिहून द्यावं लागतं. कंपनी स्वतः पुस्तकं देऊ शकते. संस्थेमार्फत काम करायचं असेल तर त्या संस्थेची मंत्रालयाकडे सीएसआर-१ नोंदणी लागते. फक्त कामगारांच्या मुलांसाठी केलेला खर्च यात धरत नाहीत आणि मालाची जाहिरात करण्यासाठी दिलेलं प्रायोजकत्वही नाही. अमेरिकेत पिझ्झा हटने १९८४ मध्ये ‘पुस्तक वाचा, पिझ्झा मिळवा’ अशी योजना काढली, ती खूप गाजली आणि तिच्यावर टीकाही झाली. आपल्याकडे असली योजना सीएसआरमध्ये दाखवणं अवघड.

पैशापेक्षा मोठी अडचण भाषेची आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेरआखणी झाली आणि हा मराठी बोलणारा पट्टा मध्य प्रदेशात राहिला. अनेक घरांत बोलणं मराठीत आणि शाळेचं पुस्तक हिंदीत. लिपी एकच असल्याने अक्षरं ओळखीची वाटतात, अर्थ मात्र पहिलीच्या पोराला दरवेळी लागतोच असं नाही. मुळात देशभरच वाचनाची स्थिती नाजूक आहे. असर २०२४ च्या पाहणीत ग्रामीण सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी २३.४ टक्केच मुलं दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकली. २०२२ मध्ये हा आकडा १६.३ होता, म्हणजे सुधारणा आहे, पण अजून बरीच मजल बाकी आहे.

तेव्हा मागणी नुसती ‘पुस्तकं द्या’ अशी नको. गोष्ट हिंदीत आणि मराठीत, दोन्हींत हवी. तशी पुस्तकं आहेत. प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ मध्ये ‘स्टोरीवीव्हर’ सुरू केलं; त्यावर चित्रांच्या गोष्टी मराठी-हिंदीसह अनेक भाषांत फुकट वाचता येतात, छापायलाही मुभा आहे. २०१७ मध्ये गूगलच्या दान विभागाने या कामाला मदत दिली. टाटा ट्रस्ट्सच्या ‘पराग’ उपक्रमानेही बालसाहित्याला हात दिला. त्यांचा पहिला ‘बिग लिटल बुक’ पुरस्कार २०१६ मध्ये मराठीच्या माधुरी पुरंदरे यांना मिळाला.

दुसरी अट त्याहून महत्त्वाची: पुस्तक घरी नेता आलं पाहिजे. फाटेल, हरवेल या धाकाने ते कपाटात कुलूपबंद राहिलं तर कंपनीचा फोटो निघतो, वाचन होत नाही. आईला हिंदी वाचायची सवय नसेल, पण मराठी गोष्ट ती पोराला वाचून दाखवू शकते. आजीला वाचता येत नसेल तर नातू तिला वाचून दाखवेल. म्हणून अर्जातच लिहावं की दर आठवड्याला पुस्तक घरी जाईल आणि फाटलेल्या पुस्तकांच्या बदल्यात नवीन घ्यायला दरवर्षी थोडी रक्कम लागेल.

कोणती कंपनी कुठे किती खर्च करते, ते सरकारच्या सीएसआर पोर्टलवर आणि कंपनीच्या वार्षिक अहवालात पाहता येतं. पांढुर्णा जिल्हा २०२३ मध्ये झाला, त्याआधीचे आकडे छिंदवाड्याच्या नावाखाली शोधावेत.