बेरा: लेकराला न विचारता कानाला विचारणारं यंत्र

रेणापूरकडं दोन वर्षांचं लेकरू हाकेला वळलं नाही, की घरात उत्तर तयार असतं: 'याचा बापही उशिराच बोलला होता.' लेकराला सेरेब्रल पाल्सी असेल तर, 'मेंदूलाच मार लागलाय, कान कशाला बघायचा?' दोन्ही उत्तरांत वर्ष-दीड वर्ष सहज निघून जातं, आणि भाषा कानावाटे शिकण्याचं वय नेमकं तेच.

मागून खुळखुळा वाजवून मूल वळतं का बघणं, ही कानाची साधी पारख. पण ज्याची मानच धरत नाही, त्यानं वळायचं कसं? ऐकू येऊनही ते बहिरं ठरतं.

बेरा ही कानाची तपासणी मुलाकडून उत्तर मागत नाही. कपाळावर आणि कानांमागं इलेक्ट्रोड चिकटवतात, कानात बारीक टिकटिक सोडतात. आवाज नसेतून मेंदूच्या देठापर्यंत जाताना पहिल्या दहा मिलिसेकंदांत उठणाऱ्या लहरींची सरासरी काढून यंत्र आलेख काढतं. या लहरींचं सविस्तर वर्णन ज्यूएट आणि विलिस्टन यांनी १९७१ मध्ये केलं. त्यातली पाचवी लहर किती हळू आवाजापर्यंत दिसते, ते पाहायचं.

अट एकच, मूल गाढ झोपलेलं हवं. आखडलेल्या स्नायूंची वीज या लहरींपेक्षा कितीतरी मोठी असते. म्हणून त्याला आधी जागवून आणायला सांगतात. लागलंच तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली झोपेचं औषध. रात्रभर जागवलेलं लेकरू लातूरच्या एसटीतच झोपतं आणि तपासणीच्या खोलीत टक्क जागं! यंत्र बनवणाऱ्यांनी एसटी धरलेली नसावी.

ओएई ही आतला कान बघणारी झटपट तपासणी एकटी पुरत नाही. जन्मानंतरच्या काविळीत बिलिरुबिन फार वाढून मेंदूत उतरलं, तर हातपायांबरोबर कानाची नसही बिघडू शकते. अशा मुलाची ओएई ठीक येते, बेरा मात्र कोरी: आतला कान काम करतो, निरोप पुढं नीट पोचत नाही. नुसती ओएई करून 'कान चांगला' म्हणून पाठवलेलं मूल इथं फसतं. उलट, कोऱ्या बेरावरून ठार बहिरं म्हणायचीही घाई नको.

कान चांगला निघाला तरी बोलायला जीभ, ओठ आणि श्वास यांवर ताबा हवा. म्हणून वाचाउपचारात घास गिळण्याकडंही लक्ष देतात. कळतं सगळं पण शब्द फुटत नाही, अशांसाठी चित्रांचा तक्ता आहे, आयआयटी मुंबईत घडलेलं 'जेलो' हे चित्रांवर बोट ठेवताच बोलणारं अॅप आहे. तक्ता दिला की मूल बोलायचं सोडतं, ही भीती निराधार आहे. लातूरजवळ हरंगुळला 'संवेदना' हे खास सेरेब्रल पाल्सीच्या मुलांचं केंद्र आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं, तेव्हा हातापायांबरोबर कानाचंही विचारावं, आणि ओएई झाली असेल तर बेराची चिठ्ठी मागून घ्यावी.