टाकून दिलेल्या सुया

स्वित्झर्लंडमधील झुरिक नगरात लिमात व सील ह्या नद्यांच्या संगमी प्लाट्झश्पिट्झ हे रम्य उद्यान आहे. १९८७ च्या सुमारास तेथे हेरॉइनचे व्यसनी जमू लागले व हिरवळीवर वापरलेल्या सुयांचा खच पडला. सुई क्षुल्लक दिसते खरी. परंतु तिच्या पोकळीतील रक्तात हिपॅटायटिस-बी ह्या यकृतरोगाचे विषाणू सात दिवसही टिकू शकतात. फेब्रुवारी १९९२ मध्ये उद्यानास कुलूप लागले. व्यसनी जवळच्या बंद पडलेल्या लेटन स्थानकात गेले. आम्हांस ह्याचे नवल वाटत नाही. कुलपाने व्यसन थोडेच सुटते! १९९४ पासून डॉक्टरांच्या देखरेखीखाली उपचार सुरू झाले.

विद्यार्थिमित्रहो, अशी सुई दिसल्यास स्पर्श करू नका. टोचलीच तर जखम साबणपाण्याने धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठा. लस वेळेवर मिळाल्यास रोग टळू शकतो.