इमामत : विद्या, जबाबदारी आणि उपजीविका

मशिदीत जमातीच्या पुढे उभा राहून नमाज पढवणारा तो इमाम. सुन्नी इस्लाममध्ये पुरोहितवर्ग नाही आणि इमाम होण्यासाठी कोणता दीक्षाविधीही नाही. नमाजेचे नियम ठाऊक असलेला आणि कुरआनचे शुद्ध पठण करू शकणारा कोणताही सज्ञान मुसलमान पुरुष जमातीची नमाज पढवू शकतो. प्रवासात चार जण एकत्र आले, तर त्यांतला एक पुढे होतो आणि तेवढ्या नमाजेपुरता तोच इमाम असतो. मात्र मशिदीत पाचही वेळा, वर्षभर, ठरलेल्या मिनिटाला कोणीतरी पुढे उभे राहायलाच हवे. या गरजेतून नेमलेल्या इमामाचे पद तयार झाले आणि ते आयुष्यभराचे काम बनले. ते पत्करू पाहणाऱ्या तरुणाला एकाच वेळी दोन गोष्टींचा विचार करावा लागतो : आपली विद्या आणि निष्ठा या कामाला पुरेल का, आणि या कामातून घर चालेल का?

शिया परंपरेत ‘इमाम’ हा शब्द प्रथम पैगंबरांच्या घराण्यातील इमामांसाठी वापरला जातो. मशिदीत नमाज पढवणाऱ्याला तिथे पेशइमाम म्हणतात आणि त्याचे उच्च शिक्षण बहुधा लखनौ, कुम किंवा नजफ इथल्या धर्मविद्यालयांत होते. दाऊदी बोहरा समाजात गावोगावचे आमिल, म्हणजे स्थानिक धर्मप्रमुख, सय्यदना या सर्वोच्च धर्मगुरूंकडून नेमले जातात. त्यांची घडण सुरत आणि मुंबईतल्या अल जामिया तुस सैफियामध्ये होते. ही रचना वरून खाली येणारी आहे. सुन्नी मशिदींत इमामाची निवड स्थानिक जमात किंवा विश्वस्त करतात. भारतातल्या बहुसंख्य मशिदी याच प्रकारच्या असल्याने पुढील विवेचन मुख्यतः त्यांच्याविषयी आहे.

इमामाचा दिवस फजरच्या नमाजेने सुरू होतो. मुंबईत उन्हाळ्यात ही वेळ पहाटे पाचच्या सुमारास येते, आणि शेवटची इशाची नमाज रात्री नऊच्या पुढे संपते. मध्ये जुहर, असर आणि मगरिब. पाच नमाजांच्या मिळून 17 फर्ज (अनिवार्य) रकाती, म्हणजे नमाजेची आवर्तने, होतात. फजर, मगरिब आणि इशामध्ये इमाम मोठ्याने पठण करतो, जुहर आणि असरमध्ये मनातल्या मनात. प्रत्यक्ष नमाजेला लागणारा वेळ थोडा, पण दोन नमाजांमधले अंतर असे की गावाबाहेर जाऊन दुसरी नोकरी करणे जवळपास अशक्य. आठवड्याची सुट्टीही नसते. उलट शुक्रवारी जुम्याला सर्वाधिक गर्दी होते. त्या दिवशी मिंबरवरून अरबीत दोन भागांचा खुतबा (प्रवचन) आणि बहुतेक मशिदींत त्याआधी उर्दूत तकरीर (भाषण). या तकरिरीची तयारी प्रामाणिकपणे करायची तर तिला कित्येक तास लागतात.

रमजानमध्ये इशानंतर तरावीह ही जादा नमाज असते. हनफी आणि शाफई पंथांच्या मशिदींत तिच्या 20 रकाती पढल्या जातात, अहले हदीस गटाच्या मशिदींत आठ. महिन्याभरात संपूर्ण कुरआन तोंडपाठ ऐकवण्याची प्रथा आहे. कुरआनचे 30 पारे आहेत, आणि सत्ताविसाव्या रात्री समाप्ती करायची तर रोज एका पाऱ्याहून थोडे अधिक म्हणावे लागते. त्यामुळे दिवसभर उजळणी चालते. मागे उभा असलेला दुसरा हाफिज, म्हणजे कुरआन पाठ असलेला, लक्ष देऊन ऐकत असतो. पठणात चूक झाली तर तो तिथल्या तिथे दुरुस्त शब्द सांगतो, याला लुकमा देणे म्हणतात. शेकडो माणसांसमोर लुकमा घ्यायचा, मन विचलित होऊ द्यायचे नाही आणि पुढे चालू ठेवायचे, ही साधना वर्षानुवर्षांची आहे. फक्त पाठांतर पक्के असून भागत नाही, मनही स्थिर लागते.

नमाजेखेरीजही कामे पुष्कळ असतात. शाळा सुटल्यावर मुले मकतबमध्ये येतात, त्यांना अक्षरओळखीपासून कुरआन वाचायला शिकवणे हे बहुतेक इमामांकडेच असते. जन्मलेल्या बाळाच्या कानात अजान देणे, निकाह पढवणे, जनाज्याची नमाज, आजाऱ्याची विचारपूस, सासू-सुनेची किंवा भावाभावांची तक्रार ऐकून घेणे, ही कामेही त्याच्याकडे येतात. इथे एक मर्यादा मात्र नीट ओळखावी लागते. इमाम म्हणजे काझी नव्हे आणि मुफ्तीही नव्हे. काझींच्या नेमणुकीसाठी 1880 चा वेगळा कायदा आहे. फतवा देण्यासाठी इफ्ताचे स्वतंत्र शिक्षण घ्यावे लागते. तलाक किंवा वारसाहक्कासारख्या प्रश्नावर अपुऱ्या माहितीने दिलेले उत्तर एखाद्या बाईचे आयुष्य उद्ध्वस्त करू शकते. अशा वेळी ‘हे मला ठाऊक नाही, मुफ्तींना किंवा वकिलाला विचारा’ असे सांगणारा इमामच भरवशाचा.

शिक्षणाचा पहिला टप्पा हिफ्जचा. मूल साधारण आठ ते बारा वर्षांचे असताना सुरुवात होते आणि संपूर्ण कुरआन पाठ व्हायला बहुधा दोन ते चार वर्षे लागतात. तज्वीद, म्हणजे उच्चारशास्त्र, याच काळात पक्के होते. त्यात विशेष प्रावीण्य मिळवणारा कारी. लहान गावात केवळ हाफिज असलेला तरुणही इमाम होतो, पण जाणती जमात आलिमची, म्हणजे धर्मविद्वानाची, अपेक्षा करते. आलिम होण्याचा अभ्यासक्रम म्हणजे दर्स-ए-निजामी. लखनौच्या फिरंगी महलमधील मुल्ला निजामुद्दीन (मृत्यू 1748) यांच्या नावाने तो ओळखला जातो. अरबी व्याकरण, तर्कशास्त्र, फिकह (धर्मनियमशास्त्र), तफसीर (कुरआनभाष्य) अशा पायऱ्या चढत विद्यार्थी अखेरच्या वर्षी हदीसच्या सहा प्रमाण ग्रंथांपर्यंत येतो. सगळा मार्ग सुमारे आठ वर्षांचा. 1866 मध्ये स्थापन झालेले देवबंदचे दारुल उलूम, लखनौचे नदवा आणि 1904 पासूनचे बरेलीचे मंजर-ए-इस्लाम ही यातली मोठी नावे आहेत, आणि त्यांच्या विचारांतले भेद मशिदींपर्यंत पोहोचलेले आहेत.

महाराष्ट्रात मालेगाव हे या शिक्षणाचे जुने केंद्र. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुव्याचे जामिया इस्लामिया इशाअतुल उलूम हे आणखी एक. आदिवासीबहुल तालुक्यातल्या या मदरशाने धर्मशिक्षणाच्या जोडीला औषधनिर्माणशास्त्र आणि अभियांत्रिकीची महाविद्यालयेही उभारली. कोकणाची गोष्ट थोडी वेगळी आहे. रत्नागिरी-रायगडचे कोकणी मुसलमान शाफई पंथाचे, तर घाटावरचे बहुतेक हनफी. शाफई मशिदीत फजरच्या नमाजेत कुनूत ही प्रार्थना पढली जाते आणि असरची वेळ हनफी मशिदीपेक्षा सुमारे तासभर आधी होते. त्यामुळे हनफी मदरशात शिकलेल्या तरुणाला कोकणात इमामत करायची असेल, तर शाफई फिकह वेगळे शिकून घ्यावे लागते.

सनद मिळाल्यावर नोकरी शोधताना पहिला प्रश्न मसलकचा, म्हणजे विचारपरंपरेचा, येतो. देवबंदी मशिदीत बरेलवी इमाम सहसा नेमला जात नाही, बरेलवी मशिदीत देवबंदी नाही, आणि अहले हदीस मशिदींचे वर्तुळ आणखी वेगळे. मदरसा निवडतानाच पुढच्या मशिदी ठरून जातात, आणि हे बाराव्या वर्षी मूल नव्हे तर त्याचे पालक ठरवतात. निवडीची पद्धत साधी असते. उस्तादांची शिफारस येते, विश्वस्त उमेदवाराला काही नमाजा आणि एखादा जुमा पढवायला सांगतात, जमात आवाज आणि पठण ऐकते. फिकहच्या ग्रंथांत इमामाची पात्रता म्हणून नमाजेच्या नियमांचे ज्ञान, पठण, परहेजगारी आणि वय यांचा क्रमवार विचार केलेला आहे. विश्वस्तांचा कल अनेकदा गोड गळ्याकडे आणि कमी पगाराच्या अपेक्षेकडे असतो, हे खेदाने नोंदवावे लागते. मुंबई-पुण्याच्या मशिदींत बिहार आणि उत्तर प्रदेशातून आलेले इमाम मोठ्या संख्येने दिसतात, यालाही ही आर्थिक बाजू आहे.

पैशाचा प्रश्न या व्यवसायात सर्वांत जुना आहे. आरंभीच्या हनफी फकिहांनी इमामतीचा मोबदला घेणे नाजायज मानले होते, कारण उपासना विकायची नसते. त्या काळी विद्वानांना बैतुलमालमधून, म्हणजे सार्वजनिक खजिन्यातून, वृत्ती मिळत असे. ती बंद पडल्यावर इमाम पोटामागे गेले तर मशिदी ओस पडतील, हे ओळखून नंतरच्या फकिहांनी इमामत, अजान आणि कुरआनशिक्षणाचा पगार जायज ठरवला. तरावीहमधील कुरआनसमाप्तीसाठी पैसे ठरवून घेणे मात्र आजही अनेक मुफ्तींना मान्य नाही, म्हणून तिथे रक्कम ‘हदिया’ म्हणून दिली जाते.

महाराष्ट्रात उपजीविकेची ही सोय गावगाड्यातून होत असे. मुलाणी किंवा मुल्ला हा गावच्या अलुत्या-बलुत्यांत मोजला जाई. मशिदीची देखभाल आणि हलालची कामे यांच्या बदल्यात त्याला हंगामाला धान्य मिळे. मशिदींच्या दिवाबत्तीची जुनी उत्पन्ने शिवाजी महाराजांनी पुढे चालू ठेवल्याची नोंद सभासद बखरीत आहे. निजामाच्या राज्यात असलेल्या मराठवाड्यात सेवेसाठी दिलेल्या जमिनींना खिदमतमाश म्हणत. जमिनीचे वाद वाढले, वाटण्या झाल्या, अतिक्रमणे झाली, आणि ही जुनी सोय बऱ्याच ठिकाणी कागदावरच राहिली. आज बहुतेक इमामांचा पगार मशिदीच्या विश्वस्तांकडून, दुकानांच्या भाड्यातून आणि शुक्रवारच्या वर्गणीतून निघतो. तो पुष्कळ ठिकाणी अकुशल मजुराच्या महिन्याच्या कमाईइतकाही नसतो. मशिदीलगतची हुजरा नावाची एक खोली राहायला मिळते, खेड्यात जेवण घरोघरच्या पाळीने येते. कुटुंब दूर गावी राहते.

या प्रश्नावर ऑल इंडिया इमाम ऑर्गनायझेशनच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने 13 मे 1993 रोजी महत्त्वाचा निकाल दिला. इमाम हे काम धर्मकर्तव्य म्हणून करतात, त्यांना पगाराचा हक्क नाही, शिवाय पैसाही नाही, असे वक्फ बोर्डांचे म्हणणे होते. न्यायालयाने ते फेटाळले आणि मानधनाची योजना आखायला सांगितले. पण या निकालाचा लाभ वक्फ बोर्डांच्या कक्षेतल्या मशिदींपुरता राहिला आणि अंमल राज्याराज्यांत असमान झाला. पश्चिम बंगाल सरकारने 2012 मध्ये इमामांना दरमहा 2,500 रुपये जाहीर केले. सरकारी तिजोरीतून असे देणे घटनाबाह्य असल्याचे कलकत्ता उच्च न्यायालयाने 2013 मध्ये ठरवल्यावर ते वक्फ बोर्डामार्फत देण्याची वाट काढण्यात आली. सरकारी मानधन धर्मनिरपेक्ष राज्याच्या तत्त्वात बसते का, हा वाद खरा आहे. पण त्या वादाआड स्वतःच्या इमामाला जगण्यापुरता पगार देण्याची जमातीची जबाबदारी झाकली जाऊ नये. संगमरवर आणि झुंबरांवर लाखो रुपये खर्च करणाऱ्या मशिदीने इमामाला तुटपुंज्या रकमेत राबवावे, हा उघड अन्याय आहे.

म्हणून रुजू होण्यापूर्वी बोलणे स्पष्ट करून घेणे शहाणपणाचे. नेमणूक लेखी आहे का, वर्षाची रजा किती आणि त्या काळात नमाज कोण पढवणार, कुटुंब ठेवता येईल अशी जागा मिळेल का, मकतबचे पैसे वेगळे आहेत का, आजारपणाचा खर्च कोण करणार, काढून टाकायचे तर किती दिवसांची पूर्वसूचना. नवीन इमामाला हे विचारायला संकोच वाटतो. विश्वस्त मंडळात फूट पडली की एका गटाचा माणूस समजून इमामाला रातोरात खोली रिकामी करावी लागते. लेखी कागद नसेल तर दाद मागायला काहीच हाती राहत नाही.

दुसरे कौशल्य जवळ असणे हा यावरचा चांगला उपाय. मदरशात असतानाच मुक्त विद्यालयातून दहावी-बारावी करता येते. अलीगढ मुस्लिम विद्यापीठ आणि हैदराबादचे मौलाना आझाद उर्दू विद्यापीठ यांनी मदरशातून आलेल्यांसाठी जोड-अभ्यासक्रम काढले आहेत. मदरशाची प्रत्येक पदवी विद्यापीठाच्या पदवीइतकी धरली जाईल, असे मात्र गृहीत धरू नये. उत्तर प्रदेश मदरसा कायदा वैध ठरवतानाच सर्वोच्च न्यायालयाने 5 नोव्हेंबर 2024 रोजी त्यातली कामिल आणि फाजिल या उच्च पदव्यांची तरतूद विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्याशी विसंगत ठरवली. पदवीधर असलेल्या आलिमला भारतीय लष्करात धर्मशिक्षक मौलवी म्हणून नायब सुभेदाराच्या हुद्द्यावर जाता येते. त्यासाठी 1.6 किलोमीटर अंतर आठ मिनिटांत धावण्याची चाचणीही द्यावी लागते. परदेशात चित्र निराळे आहे. तुर्कस्तानात इमाम सरकारी नोकर असतो, तर ब्रिटनमध्ये रुग्णालये आणि तुरुंगही मुस्लिम धर्मसेवक नेमतात.

महाराष्ट्रात इमामत करणाऱ्याला मराठी यायलाच हवी. मराठी शाळांत शिकणाऱ्या मुलांना अस्खलित उर्दू तकरीर अर्धवट कळते. कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्राच्या खेड्यांत तर घरातली बोलीच मराठी किंवा तिच्या जवळची असते. तलाठी, पोलीस पाटील, शाळेचे मुख्याध्यापक यांच्याशी बोलायचे, शांतता समितीच्या बैठकीत भूमिका मांडायची, वर्तमानपत्र वाचायचे, तर भाषेवाचून इमाम हुजऱ्यात एकटा पडतो. अरबीवर आठ वर्षे घालवणाऱ्या मदरशांनी दोन वर्षे मराठीला दिली, तर या व्यवसायाची प्रतिष्ठा आणि उपयोग दोन्ही वाढतील.

मुलींसाठी ही वाट वेगळ्या वळणाने जाते. मिश्र जमातीची इमामत स्त्रीने करणे प्रमुख पंथांना मान्य नाही. 2018 मध्ये केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यात एका महिलेने जुम्याची नमाज पढवली, तेव्हा मोठे वादळ उठले. केवळ स्त्रियांची जमात स्त्रीने पढवण्याला शाफई फिकहमध्ये मोकळीक आहे, हनफी फकिहांनी ते मकरूह (नापसंत) मानले आहे. मात्र आलिमा होण्याची सोय मालेगावच्या जामियतुस सालिहातसारख्या मुलींच्या मदरशांत आहे. तिथून बाहेर पडलेल्या स्त्रिया मुलींना शिकवतात, स्त्रियांच्या मजलिशीत दर्स देतात, आणि पाळी, बाळंतपण, महर, वारसा यांसारखे जे प्रश्न बायका इमामापुढे मांडू शकत नाहीत, त्यांची उत्तरे देतात.