एसी अठरावर, आई उकाड्यात

मे महिन्यात बाह्यरुग्ण विभागात एक आजी आल्या. चालताना तोल जात होता, जीभ कोरडी, नाडी जलद, रक्तदाब उतरलेला. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू होती आणि पाणी पिणे मात्र बेताचे. सोबत आलेल्या मुलाची तक्रार वेगळीच होती. सकाळी उठल्यावर घसा धरतो, नाक चोंदते, मान आखडते.

विचारपूस केली तेव्हा कळले, की यंदा घरात एसी बसवला आहे. तो मुलाच्या खोलीत, १८ अंशांवर, आणि अंगावर जाड गोधडी. एसीचे बाहेरचे युनिट नेमके आजींच्या खिडकीखाली. गरम झोत येतो म्हणून त्यांची खिडकी रात्रभर बंद.

"आमच्या खोलीत येऊन झोप म्हणतोय, ऐकत नाही," मुलगा म्हणाला.

"त्या गारठ्यात कोण झोपणार? आन् बिल बघितलंय का?" आजी म्हणाल्या.

आईचे दुखणे, मुलाचे दुखणे आणि फुगलेले बिल, तिन्हींचा धागा रिमोटवरच्या त्या एका आकड्यापर्यंत जात होता.

एसी गारवा तयार करत नाही

राधानगरी हा धरणाचा आणि जंगलाचा परिसर. इथे पूर्वी पंख्यावर भागायचे. आता स्लॅबच्या घरांत एसी दिसू लागले आहेत. ते वापरायचे कसे, हे मात्र कोणी सांगत नाही.

एसी खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो, एवढेच त्याचे काम. 'एक टन' हे यंत्राचे वजन नव्हे. एक टन बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेईल, तेवढी उष्णता त्याच वेळात बाहेर काढण्याची ती क्षमता आहे.

विहिरीतून पाणी उपसण्यासारखेच हे काम. बाहेर ३६ अंश असताना आत १८ हवे असतील तर अठरा हात खोलवरून उपसा; २६ चालणार असतील तर दहाच हात. शिवाय जितके खोल उपसाल तितका पाझर वाढतो. भिंती, छत, दाराच्या फटी यांतून उष्णता परत आत येत राहते.

१८ वर ठेवले की खोली लवकर गार होते, हा गैरसमज आहे. सुरुवातीला खोली तापलेली असताना यंत्र २५ वरही जवळपास पूर्ण ताकदीनेच चालते. १८ वर ते फक्त थांबायचे नाव घेत नाही.

तापमान एक अंशाने वाढवले की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोचे सांगणे आहे. म्हणूनच १ जानेवारी २०२० पासून देशात नवे एसी सुरुवातीला २४ अंशांवरच लागतील असा नियम झाला. दीड टनाच्या एसीने ताशी सरासरी एक युनिट घेतले, तरी रोज आठ तासांचे महिन्याला २४० युनिट होतात. महावितरणचा घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांवर चढत जातो, त्यामुळे एसीचे युनिट नेमके महागड्या टप्प्यात जाऊन बसतात.

शरीराला किती गारवा लागतो?

आपल्या त्वचेचे तापमान साधारण ३३ ते ३५ अंश असते. घाम वाळताना शरीराची उष्णता घेऊन जातो. पंखा हवा गार करत नाही, पण घाम लवकर वाळवतो. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा, की एसी २७ अंशांवर ठेवावा आणि सोबत पंखा लावावा. खोली चार अंशांनी अधिक गार वाटते. हवाच ४० अंशांच्या वर गेली, तर मात्र नुसता पंखा उपयोगाचा नाही. तो उलट अंग तापवतो.

उतारवयात तहान कमी लागते, घामही कमी येतो. रक्तदाबाच्या आणि मानसिक आजारांच्या काही औषधांनी शरीराची उष्णता सोसण्याची ताकद घटते. ही औषधे स्वतःहून बंद करू नयेत. उन्हाळ्याच्या तोंडावर डॉक्टरांना दाखवून मात्रा ठरवून घ्यावी. आणि बिलाच्या भीतीने म्हाताऱ्या माणसाने तापलेल्या बंद खोलीत झोपणे ही बचत नव्हे. उन्हाळ्यात कोणी असंबद्ध बोलू लागले, गुंगीत गेले आणि अंग चटका बसेल इतके तापले असेल, तर तो उष्माघात समजा. लगेच १०८ ला फोन करा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत अंगावर पाणी शिंपडून वारा घाला.

एवढे करून पाहा

एसीची जाळी दर पंधरा दिवसांनी धुवा. धूळ साचली की हवा अडते आणि वीज जास्त जाते. तीच धूळ दमेकऱ्यांच्या छातीत जाते. बाहेरचे युनिट सावलीत, मोकळ्या हवेत आणि कोणाच्याही खिडकीपासून दूर असावे. दुपारी पश्चिमेकडचे पडदे ओढा, दाराखालची फट बुजवा, स्लॅबवर पांढरा चुना मारा. वळवाच्या पावसानंतर हवा दमट होते तेव्हा 'ड्राय' मोड पुरतो. झोत थेट अंगावर, विशेषतः तान्ह्या बाळावर, येऊ देऊ नका. आपल्याकडे पहाटे बाहेर चांगला गारवा असतो. टायमर लावून एसी बंद होऊ द्यावा आणि खिडकी उघडावी. बंद खोलीतली कोंदट हवाही त्याने बदलते.

त्या घरात सलाइन आणि गोळीची मात्रा एवढ्यावर भागले नसते. मुलाने बाहेरचे युनिट दुसऱ्या भिंतीवर हलवले. एसी २६ वर, पंखा संथ, आणि आजींची खाट त्याच खोलीत आली. पुढच्या तपासणीला मुलाचा घसा बरा होता, आजींचा रक्तदाबही जागेवर होता. केसपेपरसोबत त्यांनी पिशवीतून विजेचे बिलही काढले आणि माझ्यापुढे ठेवले. "हे पण तपासा," म्हणाल्या.